ताईसाठी घेतलेलं घर

ता. ८ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या भावाने घर घेतलं. आधी बस, मग पुढचं वाच. बँकेच्या लिलावात घेतलं. आधीच्या मालकाने कर्ज फेडलं नाही म्हणून जप्त झालेलं घर आहे. नोटिशीत लिहिल्याप्रमाणे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे टीचभर अंगण. बोली लावायला आम्ही तिघंच होतो, त्यातला एक तर नुसता पंख्याखाली बसायला आला असावा. हात वर केला तेव्हा मला दरदरून घाम फुटला होता, खाली घेतला तेव्हा मी घरमालक झालो होतो. दुकान गहाण टाकलंय, पण ते माझं मी बघेन. तू त्यात डोकं घालू नकोस.

लिलावातलं घर आतून बघू देत नाहीत. आहे तसं घ्यायचं, मागाहून कुरकुर चालत नाही. आदल्या दिवशी घर बाहेरून दाखवलं, तेव्हा बाकीचे दोघे खिडकीच्या काचेला नाक लावून उभे होते. मी मात्र पुढच्या दाराचं कुलूप तेवढं पाहिलं. किल्लीच्या भोकात कोळ्याचं जाळं आणि कडीला गंज. अशा कुलपाला कित्येक महिने कोणी हात लावलेला नसतो. जन्म कुलपांत गेलाय माझा, बँकेसाठी किती जप्त घरं उघडून दिली असतील. घर रिकामं आहे, पैज लाव हवी तर.

दोन्हींतली जी उजेडाची निघेल ती खोली तुझी. आता हॉलमधल्या सोफ्यावर, सगळ्यांचा टीव्ही कधी संपतो याची वाट बघत बसायचं नाही. मलाही दुकानाच्या माळ्यावर एकटं राहण्याचा कंटाळा आलाय. हल्ली गिऱ्हाईक किल्ली घेऊन निघालं की मी त्याला उगाच काहीतरी विचारून थांबवून ठेवतो.

तू रागावशीलच. राग पोस्टाने लवकर पाठव, म्हणजे झालं.

तुझा धाकटा

ता. १७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र न्हाणीघरात कडी लावून वाचलं. दुसरी जागा नाही. धन्य आहे बाबा तुझी. वांगीसुद्धा माणूस उलटीपालटी करून घेतो आणि तू अख्खं घर कुलूप बघून घेतलंस! दुकान गहाण टाकलंस तेही मला विचारलं नाहीस. लहानपणापासून तुझं हे असंच, आधी उडी, मग पाणी किती आहे ते बघायचं.

इतकं बोलून झालं. आता खरं सांगते, मी रडले. आनंदानेच, घाबरू नकोस.

इथे मला कोणी वाईट वागवत नाही. नात मोठी झाली, तिला खोली हवी झाली, तेव्हा मुलाने किती अदबीने विचारलं होतं. माझी कॉट त्याने स्वतः उचलून हॉलमध्ये आणली, मला उशीलासुद्धा हात लावू दिला नाही. सूनही गोड बोलते. पण माझ्याशी बोलायचं काही कोणाला उरलेलं नाही. परवा मी तुझ्याकडे यायचं ठरवलंय म्हणून सांगितलं, तर दोघं एकदम म्हणाले की तुम्हाला बरं वाटेल तसं करा. जरा तरी नको म्हणायचं होतं रे. माझं कपाट त्यांनी काल देऊनही टाकलं. कपडे आता सुटकेसमध्येच आहेत.

तेव्हा मी तयार आहे. त्या घराचं दार उघडलंस की लगेच कळव. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पैज हरलो. बँकेने कागद दिले, मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो आणि मोठ्या ऐटीत स्वतःच्या घराचं कुलूप काढलं. आत एक म्हातारे गृहस्थ टेबलावर शर्टाला इस्त्री करत उभे. मला बघून म्हणाले की मागचं दार उघडंच होतं, उगाच एवढा त्रास घेतलात.

ते आधीच्या मालकाचे वडील. एका मोठ्या हॉटेलाच्या धुलाईखात्यात त्यांनी आयुष्य काढलं. मुलाचा छापखाना बुडाला, हप्ते थकले, तेव्हा तो बायकापोरांना घेऊन गेला आणि जाताना पुढचं दार बाहेरून बंद करून गेला. जागा मिळाली की न्यायला येतो म्हणाला होता. हे मागच्या दाराने अंगणात येतात, शेजारीण भिंतीवरून डबा देते, तिचे कपडे हे इस्त्री करून देतात. पुढच्या कुलपाशी त्यांचा संबंधच नाही. मी कुलूप वाचलं ते बरोबरच वाचलं गं, पण घराला दोन दारं असतात हे कुलूपवाल्याच्या ध्यानात आलं नाही.

बँकेत गेलो, तर साहेबांनी अटींवर बोट ठेवलं. आत कोणी राहत असेल तर त्याला काढणं घेणाऱ्याच्या गळ्यात. पाणीपट्टीची थकबाकीही माझ्याच गळ्यात. वकील म्हणतो हुकूम मिळेल, पण वेळ लागेल.

तोवर संध्याकाळी जाऊन बसतो त्यांच्याकडे. खरं सांगू का, बरं वाटतं. कॉलर आधी उलट बाजूने दाबायची, मग सुलट, एवढ्या एका गोष्टीवर ते तासभर बोलतात आणि मी ऐकत बसतो. पहिल्या दिवसानंतर मुलाचा विषय आम्ही काढलेला नाही. काय करावं ते सुचत नाही. तूच सांग.

तुझा, अक्कल गहाण टाकलेला, धाकटा

ता. २ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून सांगते आणि स्पष्ट सांगते. घर कोणासाठी घेतलंस? त्यांच्याशी गप्पा मारायला घेतलं असशील तर तसं लिही, मी वाट बघणं सोडून देईन.

माझ्या जागी आता सुनेने शिवणाचं मशीन ठेवलंय. मी जाणारच आहे तर जागा अडवून कशाला, असं तिचं म्हणणं, आणि ते चूकही नाही. सुटकेस दाराशी असते, येणाजाणाऱ्याच्या पायात येते. दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारतं की मामांचं पत्र आलं का. मी हसून अजून नाही म्हणते. पाहुणीचीसुद्धा जाण्याची तारीख ठरलेली असते, माझी तीही नाही.

त्या गृहस्थांचं मला वाईट वाटत नाही असं नाही. पण त्यांना मुलगा आहे, तो बघून घेईल. मला मुलगा असून आता तूच आहेस. हुकूम आण आणि घर मोकळं कर. भिडस्तपणा पुरे झाला.

कडक लिहिलं, पण माया तीच आहे.

ताई

ता. २० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं. घर मोकळं झालं.

हुकूम घेऊन अधिकारी आला, बरोबर दोन शिपाई. मी त्यांना आवाज चढवू दिला नाही. चहा मी केला, सगळ्यांनी घेतला. त्या गृहस्थांच्या मुलाला मी आधी पुष्कळ फोन केले होते, नंतर तो नंबरच बंद झाला. शेवटी वृद्धाश्रमात जागा मिळवली. बरा आहे आश्रम, मी स्वतः बघून आलो. तिथलं सुरुवातीचं जे काही भरायचं तेही भरलं. गाडी दारापर्यंत बोलावली, ट्रंक मी उचलली, त्यांना कशालाही हात लावू दिला नाही.

ते एक शब्द वेडावाकडा बोलले नाहीत. निघायच्या आधी त्यांनी पलंगावरची चादर काढली आणि तिची घडी घालायला मला दुसरं टोक धरायला सांगितलं. माझं टोक वाकडं जात होतं, ते त्यांनी दोनदा नीट करून घेतलं. मग गाडीत बसले. मला म्हणाले की तुम्ही खूप केलंत, तुमच्या बहिणीला सुखरूप येऊ दे.

ताई, मी इतकी घरं उघडली, पण नेहमी कुलूप काढून, मजुरी घेऊन उंबऱ्यावरूनच परत आलो. त्यानंतर आत काय होतं ते या वेळी पाहिलं. दोन दिवस दुकान उघडलं नाही.

असो. तुझ्या खोलीला रंग दिलाय. आता अजिबात वेळ लावू नकोस, निघ. घर मला खायला उठतं.

तुझा धाकटा

ता. ६ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी येत नाही.

तुझ्यावर राग नाही, आधीच सांगते. मीच तुला भरीला घातलं. तुझं पत्र आलं त्या दिवशी सुटकेस उचललीसुद्धा होती. मग पुन्हा एकदा वाचलं आणि खाली बसले. तू किती नीट केलंस सगळं. चहा केलास, आश्रम बघून आलास, त्यांना कशालाही हात लावू दिला नाहीस. माझ्या मुलाने माझी कॉट हॉलमध्ये आणली ती अशीच.

तुझ्यात काही खोट आहे असं मी म्हणत नाही. पण उद्या मी अंथरुणाला खिळले, तुला माझं करण्याचा कंटाळा आला, की तूही असाच अदबीने माझी ट्रंक उचलशील, ही भीती आता मनातून जात नाही. एकदा मुलाच्या घरात आश्रित झाले. पुन्हा त्याच पायरीवर उभं राहायचं बळ माझ्यात नाही. इथे निदान माणसं ओळखीची आहेत.

मुलाला सांगितलं की बेत रद्द झाला. तो बरं म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

तू घर भाड्याने दे, दुकान सोडव. वेळेवर जेवत जा.

ताई

ता. २९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं मला खोडता येत नाही. बरेच दिवस खोडायचा प्रयत्न केला.

मी आश्रमात जाऊन त्यांना परत चला म्हणालो. ते नको म्हणाले. तिथल्या इस्त्रीचं काम त्यांनी हाती घेतलंय आणि आता पुन्हा कुठून कुठे हलण्याची ताकद नाही म्हणतात. बसायला मात्र येत जा म्हणाले. जातो.

घर मी तुझ्या नावावर केलंय. कागद सोबत आहेत. वकिलाने वेड्यात काढलं, काढू दे. मागचं दार आतून अडसर घालून बंद केलं आणि पुढून बाहेर पडलो. पुढच्या दाराला नवं कुलूप घातलंय. ते मी स्वतः घडवलं आणि माझी सगळी हत्यारं चालवून पाहिली, मलाही ते किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ली एकच केली. जोडकिल्ली ठेवलेली नाही. ती या पाकिटात आहे.

घर तुझं आहे, तेव्हा तिथून तुला कोणी काढू शकत नाही, मीसुद्धा नाही. कोणाला ठेवायचं ते तू ठरवायचं. मी दुकानातच झोपतो. तू येऊन दार उघडलंस, आणि धाकट्या, आत ये म्हणालीस, तर येईन.

तुझा धाकटा