बेटावरची पंगत

बुधवार, १ डिसेंबर १९३७

पोहोचलो एकदाचा! मनमाडकडून येणारी गाडी तीन तास उशिरा आली, पण माझा उत्साह काही कमी झाला नाही. चौथ्या जाहीर भाषणानंतर औरंगाबादच्या शाळेने मला नारळ दिला होता. इथल्या खाजगी मराठी शाळेच्या हेडमास्तरांनी एवढीच अट घातली की भाषणं वर्गाबाहेर करा. मी म्हणालो, वर्गाबाहेर जागा पुष्कळ आहे.

खोली जुन्या जालन्यात, सगुणाबाईंच्या खानावळीच्या माडीवर. एक खिडकी कापडबाजाराकडे, दुसरी कुंडलिका नदीकडे. सगुणाबाई पन्नाशीच्या, एकट्या, तोंडाने फटकळ. माझ्या ट्रंकेतली पुस्तकं बघून त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमी जेवायसाठी बोलता, का बोलायसाठी जेवता?" मी म्हणालो, दोन्ही.

तुळजा माहेरी, वडीगोद्रीला आहे. १९ तारखेला, रविवारी, तिचा भाऊ गाडी जुंपून तिला आणून सोडील. लग्नाला चार वर्षं झाली, पण आमचं दोघांचंच घर हे पहिलं. तिला मी लिहायला-वाचायला शिकवलं. आणि पंगतीत माणसाने माणसाशेजारी बसायचं असतं, जात बघून नाही, आधी पुरुष आणि मागून बायका असंही नाही, हेही शिकवलं. जालन्यातलं पहिलं जेवण ती चारचौघांत माझ्या शेजारी बसून जेवणार आहे. तसं तिने कबूल केलंय.

शनिवार, ४ डिसेंबर

तीन संध्याकाळींत गाव पायाखाली घातलं. गढी, तिच्यातली खोल विहीर, पडक्या वेशी, रंगाऱ्यांची गल्ली. तिथलं गटार काल निळं वाहत होतं, आज तांबडं. दिवे लागले की दुकानांच्या फळ्या लागतात आणि दुसरंच शहर उघडतं. हॉटेलात ग्रामोफोन, सराईत कव्वाली, आणि एक म्हातारा अत्तरवाला, तो न विचारताच कानात फाया खोचतो.

पण सगळ्यांत नवल बेटाचं. गावाला लागून नदीचे दोन फाटे होतात, त्यांच्या मधल्या जुन्या वस्तीला लोक नुसतं बेट म्हणतात. जायला चार कमानींचा दगडी पूल आहे. दुपारी गेलो तर सगळी दारं बंद, कुत्रंसुद्धा नाही. दिवेलागणीला पुन्हा गेलो तर ओसरीओसरीवर कंदील, कुठे सारंगी, कुठे सोंगट्यांचा डाव, बाया-माणसं एकत्र हसताहेत. मला कोणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच. मधल्या लांब गल्लीत पळसाच्या पत्रावळी मांडल्या जात होत्या. तिथे रोज अशीच एक पंगत बसते म्हणे, कोणीही यावं, कुठेही बसावं. जे मी आठ वर्षं घसा कोरडा करून सांगतोय ते इथे रोज घडतं!

सगुणाबाईंना सांगितलं तर भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "गाणं ऐका, चहा प्या, पाहिजे तेवढं फिरा. पण तिथं जेवू नका मास्तर. बिलकुल न्हाई." का, असं विचारलं. "तिथलं जेवण उरकत न्हाई," म्हणाल्या.

मला कळलं. शिवाशिवच, फक्त वेगळ्या शब्दांत. वाईट वाटलं. बाई तशी मनाने चांगली आहे.

सोमवार, ६ डिसेंबर

जाहीर सभेला परवानगी मिळाली नाही. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने वर न बघताच सांगितलं. ठीक आहे. जेवायला तर परवानगी लागत नाही!

आज पंगतीला बसलो. ओळीत शंभरेक माणसं असतील. वाढायला धुळाजी. धनगराचा फेटा, पांढऱ्या मिशा, बेटावरचा जाणता माणूस. लापशी, वरण, वर तुपाची धार. अशी लापशी मी जन्मात खाल्ली नव्हती.

बसल्या जागेवरून मी बोललो. अर्धा तास. आजवरचं माझं सगळ्यांत चांगलं भाषण. बोलताना नजर ओळीच्या टोकाला गेली. तिथे एक हडकुळा माणूस बसला होता. मान खाली, अगदी हळूहळू घास घेत होता, कोणी उठवील या धास्तीने मधेच थबकत होता. धुळाजी हळूच म्हणाले, "छप्पनच्या दुष्काळात आल्ता तो. धा गावच्या पंगतीतून हाकलला होता. इथं बसला." छप्पन म्हणजे संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००; हिशेब केला तर त्या गोष्टीला सदतीस-अडतीस वर्षं झाली. माणूस तिशीचा दिसत होता. धुळाजी त्याच्या बापाबद्दल बोलत असावेत.

मी त्याच्यासमोर जाऊन हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सावकाश होऊ द्या. तुमचं झाल्याशिवाय या ओळीतला एकही माणूस उठणार नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग दहा वाजत आले. सगुणाबाई दहाला दार लावतात. लापशी अर्धी टाकून मी उठलो.

मंगळवार, ७ डिसेंबर

पायांना मुंग्या. मांडी घालून फार वेळ बसलो काल. दुपारपर्यंत मुंग्या गेल्या, पाय मात्र आले नाहीत. चालता येतं. फक्त जमीन लागत नाही.

गुरुवार, ९ डिसेंबर

चुलीतला निखारा उडून पावलावर पडला. सगुणाबाई ओरडल्या. मी खाली पाहिलं तेव्हा कातडी जळत होती. वास आला. दुखलं नाही.

त्यांनी विचारलं, "तिकडं जेवून आले ना?" मी हो म्हणालो. "उठले कवा?" सांगितलं. "त्याच्या आधी उठले?" कोणाच्या, ते मी विचारलं नाही. त्या पदराने तोंड पुसत पायरीवर बसल्या. त्यांचा थोरला भाऊ असाच होता म्हणे. आधी पाय, मग कंबर. मग एक दिवस त्याची अंगठी आणि पैरण नुसतीच अंथरुणावर राहिली.

मी त्यांना मज्जातंतूंबद्दल समजावून सांगितलं. माझं बोलणं मलाच लांबून ऐकू येत होतं.

शनिवार, ११ डिसेंबर

बेटावर गेलो. सोक्षमोक्ष लावायला.

माझी पत्रावळ तिथेच होती. अर्धी लापशी तिच्यावर. वाफ निघत होती. बसलो तशा मांड्या जमिनीवर नीट बसल्या, आणि पाच दिवसांनी पहिल्यांदा मला पाय जाणवले. जमिनीचा गारवा, एक टोचणारा खडा, सगळं.

धुळाजींना विचारलं. ते वाढता वाढताच बोलले, आवाज शांत. म्हणाले, "सबद तुमी दिल्ता मास्तर. उठता कसं येईल? तुमी जेवढे उठले तेवढेच घरी गेले, बाकीचे हितंच बसलेत." मग त्यांनी ओळीवरून पळी फिरवली. "ह्या समद्यांनी तेच म्हणलं. मीबी म्हणलं. मी तर पयला." त्या माणसाला त्यांनीच ओळीत बसवलं, तेव्हा ते असं बोलून गेले होते. मग जो आला तो बोलला. पंगतीत दुसरं काय म्हणायचं असतं?

दिवसा हे लोक कुठे असतात, हेही विचारलं. ते म्हणाले, दिवस कसला?

त्या माणसाचं जेवण संपेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. पुलापलीकडे कोंबडा आरवला आणि मी माझ्या अंथरुणात होतो. आता गुडघ्यांपर्यंत काही लागत नाही.

सोमवार, १३ डिसेंबर

गेलो नाही. खोलीला आतून कडी लावली, सगुणाबाईंनी बाहेरून कुलूप.

सकाळी उजव्या हाताची बोटं चिकट. गूळ. नखात लापशीचा दाणा.

सगुणाबाईंच्या ठेच्याला चव लागत नाही. भाकरीला नाही. तोंडात दिवसभर तूप आणि वेलदोडा.

भीती वाटायला हवी. ती कुठे वाटते हे शोधतोय. कंबरेखाली असेल.

बुधवार, १५ डिसेंबर

वर्गात आवाज फुटला नाही. ओठ हलले. हेडमास्तरांनी सुटी दिली. त्यांनी वर्गाबाहेर विचारलं, रोज संध्याकाळी बेटावर भाषण करता ते कशाला, घशाला विश्रांती द्या. पुलावरून जाणारे सगळे ऐकतात म्हणे. आवाज खणखणीत असतो.

घरी तुळजाचं पत्र. तिच्या हातचं. र्‍हस्व-दीर्घाच्या, न-णच्या चुका आहेत, पण ओळी सरळ. रविवारी निघते. "शेजारी बसायचे लक्शात आहे. मी लाजनार नाही."

येऊ नको, एवढंच लिहायचं होतं. उजवा हात टाक धरीना. डाव्याने लिहिलं. सगुणाबाईंनी अंबडवरून वडीगोद्रीकडे जाणाऱ्या गाडीवानाजवळ दिलं. म्हणाल्या, तिला काई सुदिक होऊ देत न्हाई.

गुरुवार, १६ डिसेंबर

सुटका एकच आहे. तो उठला पाहिजे.

गेलो. वही बरोबर घेतली. त्याच्यासमोर उभा राहिलो. तिथे आवाज निघतो माझा. म्हणालो, पुरे. उठ आता.

सगळी ओळ थांबली. शंभर हात पत्रावळींवर थांबले. धुळाजींच्या हातातली पळी थांबली.

त्याने पहिल्यांदा मान वर केली. राग नव्हता. सवय होती. हातातला घास त्याने परत ठेवला, बोटं पुसली, गुडघ्यावर हात टेकून उठू लागला. म्हणाला, "उठतो मालक. चुकलो. कोनी म्हणलं म्हनून बसलो होतो." त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. एवढं खाऊनही.

माझ्या पायांत रक्त आलं. खरंच आलं. पुलापलीकडची हवा तोंडाला लागली.

तुळजा. १९ तारीख. आमचं घर.

आणि मी म्हणालो, नाही. बसा. सावकाश होऊ द्या.

मी दुसरं म्हणू शकलो नाही.

तो बसला. ओळ जेवू लागली. कोणी मला बोल लावला नाही. धुळाजींनी तूप जास्त वाढलं.

शुक्रवार, १७ डिसेंबर

सकाळ झाली का माहीत नाही. कोंबडा ऐकू आला. मी उठलो नाही.

इथे बरं वाटतं. बरं म्हणजे काही वाटत नाही.

निदान ती येणार नाही. पत्र पोहोचलं असेल.

शनिवार —

उजवा हात उष्टा. डाव्याने लिहितोय. कंदील लागले. सारंगी.

माझा आवाज बोलतोय. मी नाही. माणूस माणसाशेजारी — तेच भाषण. बंद होत नाही —

पुलापलीकडे बैलांच्या घुंगरांचा आवाज.

पत्र मिळालं तिला. डावखुरं अक्षर बघून मी आजारी असेन म्हणून एक दिवस आधीच निघाली. असं ती धुळाजींना सांगतेय. पुलावरून आवाज ओळखला म्हणे. सगुणाबाईंकडे गेलीच नाही. सरळ इकडे. भाऊ पुलापलीकडे बैल सोडतोय —

माझ्या शेजारी पत्रावळ मांडली.

तिने चपला काढल्या. पायांवर पाणी. हिरवं लुगडं, नवं. सगळ्यांसमोरून चालत आली. लाजली नाही. माझ्याकडे बघून हसली —

ओरडतोय. भाषणच निघतंय —

बसली.

बसलीच. अजून उठता येईल तिला. नुसतं जेवून उठली तर — काही बोलली नाही तर — वही तिच्या पुढ्यात सरकवतोय, वाच तुळजा, वाच, तुला वाचता येतं —

टोकाकडे बघतेय. त्या माणसाकडे. तो थबकला. हात वरच्यावर. उठू लागला, तिला बघून —

तिचे डोळे भरले.

मीच शिकवलं.

हात जोडले तिने, तोंड उघडलं, तुळजा, सा—