साल न छापलेलं पत्रक

३ नोव्हेंबर, सोमवार

सायकलवाल्यांची खोकी आली एकदाची! म्हातारे गेले, मुलीला दुकान रिकामं करायचंय, म्हणून पन्नास-साठ वर्षांची माहितीपत्रकं आमच्या लिलावघराच्या गळ्यात. मालक म्हणाले, तारखा लावून टाका, यादी छापायला जायचीय. लावून टाका म्हणे! शर्टाला बटणं लावायची आहेत जशी.

एकाही पत्रकावर साल नाही. कंपन्या मुद्दामच छापत नसत — उरलेला गठ्ठा पुढच्या वर्षी खपवायला बरा. मग आम्ही बसायचं भिंग घेऊन. ब्रेकला सळ्या आहेत की तारा, दिवा कुठे बसवलाय, मागच्या पानावर फोन नंबर किती आकडी. मला हे काम मनापासून आवडतं. मालकांना कळू देत नाही, नाहीतर आणखी खोकी येतील.

४ नोव्हेंबर

दिवसभर शिंका. बाकी काही नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आई सापडली!

तिसऱ्या खोक्यात, तळाशी. बायकांच्या सायकलचं चार पानी पत्रक. पहिल्या पानावर हाताने रंग भरलेला फोटो — बाई सायकल धरून उभी, हँडलपाशी लहान मुलांची बैठक, तिच्यात पोरगी. ती बाई म्हणजे माझी आई. तिशीच्या आतली, कंबर एवढीशी, पण हनुवटी वर करून बघायची तऱ्हा तीच. आणि पोरगी म्हणजे मी!

हा किस्सा मी हजारदा ऐकलाय. कंपनीच्या फोटोग्राफरनं आईला रस्त्यात गाठलं, फोटोच्या बदल्यात सायकल देतो म्हणाला. मी दीड वर्षाची. रडून आकांत मांडला, शेवटी घंटी काढून हातात दिली तेव्हा गप्प झाले. मला तर ते आठवतंसुद्धा. घंटी गार होती. फोटोग्राफरच्या काळ्या कापडाला रॉकेलचा वास होता. लोक म्हणतात एवढ्या लहानपणचं आठवत नाही. मला आठवतं, काय करणार!

भिंगातून पाहिलं — पोरीच्या उजव्या कानाच्या पाळीला खाच आहे. माझीच खाच! फोटोच्या महिनाभर आधी बाबांची सायकल घसरली, टोपलीची तार कानात घुसली, असं आई सांगते. फोटोग्राफर म्हणाला तोंड फिरवा, आई म्हणाली जशी आहे तशी घ्या. मी जागच्या जागी उडीच मारली. मालकांनी आत डोकावून पाहिलं.

७ नोव्हेंबर

हे पत्रक सगळ्यात शेवटी लावायचं ठरवलं होतं, खाऊ राखून ठेवतात तसं. राहवलं नाही.

मी ६८ची. म्हणजे फोटो ६९च्या शेवटचा, नाहीतर ७०चा. सोपं काम. तरी रीत म्हणून मागचं पान उलटलं. फोन नंबर चार आकडी.

आपल्या गावात ६४ साली पाच आकडे झाले. हे मी झोपेतही सांगेन.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी असून गेले. ब्रेकला सळ्या. कंपनीच्या छापातलं बदक डावीकडे बघतंय — ६४पासून ते उजवीकडे बघायला लागलं, जाहिरातवाल्या कुणाची तरी हौस. साखळीवरचं बंद झाकण मात्र नवं, ते ६३च्या आधी नव्हतंच. दोन्हीकडून दार बंद. हे पत्रक १९६३चं आहे. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी पाच मिनिटांत लिहून मोकळी झाले असते.

फोटो कागदापेक्षा जुना असू शकतो, नवा कधीच नसतो. आमच्या धंद्यात याच्याइतकं पक्कं काही नाही.

मग ही कोण?

१० नोव्हेंबर, सोमवार

आज एक पळवाट शोधली होती. फोटोची निगेटिव्ह काच उलटी ठेवून छापली असेल, तर खाच खरी डाव्या कानाला असणार — मग ती पोरगी मी नव्हेच, आईसारखी दिसणारी कोणी बाई आणि तिची कोणी पोर. खूश होऊन भिंग लावलं. साखळी उजव्या अंगाला. सायकलची साखळी उजवीकडेच असते, म्हणजे फोटो सरळ आहे, म्हणजे कानही उजवाच. माझाही उजवा.

पत्रक पालथं घालून ठेवलं. पोरगी बघत होती. खरं तर ती कॅमेऱ्याकडे बघतेय, मला कळतं. तरी पालथं घातलं.

११ नोव्हेंबर

मालकांना विचारून पत्रक घरी नेलं. आईला दाखवलं.

वाटलं होतं गोंधळेल. पंच्याऐंशी वर्षांची बाई. छे! खिडकीपाशी नेलं, चष्मा पुसला, आणि चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली. पुन्हा सगळी गोष्ट सांगितली, घंटीसकट. मग मला वाकायला लावलं. माझा कान चिमटीत धरला, फोटोजवळ नेला, आणि बराच वेळ इकडे बघ तिकडे बघ केलं. ‘तंतोतंत,’ म्हणाली. शिंपी माप जुळल्यावर म्हणतो तसं. मला हसू आलं, आणि लगेच गेलं.

मी सहजच विचारल्यासारखं विचारलं, हे साल कोणतं गं? आईनं पत्रक घडी घालून मांडीखाली ठेवलं. ‘तू दीड वर्षाची होतीस ते साल,’ म्हणाली. मी म्हटलं, फोन नंबरवरून ६३ येतं. ती उठून आत गेली.

१२ नोव्हेंबर

पत्रक आरशाच्या चौकटीत खोचलेलं. वेणी घालायला उभी राहिले तर माझ्या चेहऱ्याशेजारी ती. मी काढून कपाटात ठेवलं. संध्याकाळी परत आरशात! आईशी या विषयावर एक शब्द झाला नाही. इतर सगळं बोललो — दूध नासलं, शेजारीण गुडघ्याचं ऑपरेशन करतेय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मालक दारात, यादीतली माझी खाडाखोड बघून — ‘बाई, तेवढं एक राहिलंय. त्रेसष्ट की एकोणसत्तर? एक काहीतरी सांगा!’ मी ‘अंदाजे १९६९’ लिहून दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी खोटी तारीख लिहिली. लिहिताना जराही अडखळले नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

मला ती पोरगी मीच असायला हवी आहे. का, ते सांगता येत नाही. ती मी नसेन तर घंटी कुणाच्या हाताला गार लागली?

१५ नोव्हेंबर, शनिवार

मामाला फोन केला. आईचा धाकटा भाऊ, ऐंशीचा, फोनचा मनस्वी कंटाळा. तब्येत, हवा झाली. मग विचारलं, माझ्याआधी कोणी होतं का.

आधी उठून खोलीचं दार लावून आला. मग म्हणाला, ताईनं शपथ घातली होती, पण आता आम्ही दोघं किती दिवसांचे. होती. मोठी मुलगी. फोटो काढला त्याच वर्षी तापानं गेली. पाच वर्षांनी मी. तेच नाव. मामाला तेव्हाच खटकलं होतं, पण बाळंतिणीला काय बोलायचं? पुढे ताई तिच्या गोष्टी माझ्या म्हणून सांगायला लागली. बाबा उठून बाहेर जायचे. हळूहळू सगळ्यांनाच सवय झाली.

रडू आलं. कोणासाठी ते कळेना. त्या बिचारीचं सगळं माझ्या नावावर — पडणं, रडणं, घंटीसुद्धा. मी ते आठवणीत घेऊन बसलेय, परत द्यायलाही कोणी नाही!

मग कानाचं विचारलं. दोघी बहिणींना तीच खाच कशी? मला वाटलं घराण्यातच असेल, म्हणजे किस्सा तेवढा बनवलेला.

मामा म्हणाला, ‘नाही गं. तिला तारच लागली होती, मी होतो तिथे. आणि तुला दवाखान्यातून घरी मी आणलं, माझ्या हातावर. तुझे दोन्ही कान धड होते.’

मामा पुन्हा आला तेव्हा मी सहा महिन्यांची. कानाला पट्टी. ताई म्हणाली, सायकलवरून पडली.

‘सहा महिन्यांची पोर सायकलवर?’ मामा म्हणाला. ‘पण मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.’

१७ नोव्हेंबर, सोमवार

मालकांकडून कागद परत घेतला. १९६३ लिहिलं. ‘अंदाजे’ खोडलं. मालक म्हणाले, खात्री? मी म्हटलं, खात्री.

आईला विचारायचं धाडस झालं नाही. ती जेवायला वाढत होती, मी तिच्या हातांकडे बघत होते. मला तिची भीती वाटते. आजवर कधी वाटली नव्हती.

१९ नोव्हेंबर

विचारलं. दुपारी, ती कपड्यांच्या घड्या घालत असताना. हात थांबले नाहीत तिचे. म्हणाली, ‘तीच परत आलीय, हे तुझ्या बाबांना पटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही शंका होती. तोंडावळा तोच, पण पोरं काय, सारखीच दिसतात. मग तुझ्या कानाचं तेवढं केलं. आणि तू रडलीस — अगं, थेट तशीच रडलीस! मग शंका उरली नाही.’