डाव्या हाताची मुरड

भिंगार, नगर
१ डिसेंबर २०२४

तीर्थरूप सत्यशीलाताईस,

धाकट्या भावाचा, अमृतचा सप्रेम सलाम. वि. वि. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि माझ्या जयाला फोनवर शब्द सापडत नाहीत; म्हणून तुम्हा नणंद-भावजयींची खबर माझ्या पेनाकडे आली.

ऑगस्टात तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बाई उठून बसल्या तरी खूप. आता ती भिंत धरून अंगणात जाते, डाव्या हाताने कोंबड्यांना दाणे टाकते. उजव्या हातासाठी मी पंख्याच्या हुकाला कप्पी बसवली. जळालेल्या मोटारींत तारेचे वेढे भरायला कुणाजवळ शिकलो नाही, तसं हेही माझं मीच जमवलं. दोरी ओढताना जया घामाने भिजते, पण ‘पुरे’ म्हणत नाही. तो शब्द तिला येतो, बरं का.

काळजी एकच. नाताळच्या आदल्या संध्याकाळी कॅरलवाले येतात, ते जयाची करंजी खाल्ल्याशिवाय पुढच्या दारी जात नाहीत. यंदाही आपणच करणार, असं तिने खुणेने बजावलंय. एका हाताने मुरड कशी पडायची? नाही जमलं तर तिचं मन खचेल, आणि खचलेलं मन ओढायला माझ्याजवळ कप्पी नाही. म्हणून मी साचा आणलाय. लाटीन मी, दाबीन मी, तिने नुसतं बसावं. तुझं मत कळव. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
अमृत


श्रीरामपूर
८ डिसेंबर २०२४

चि. अमृत यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. कप्पीचं कौतुक वाचलं. आता तीच जरा स्वतःच्या जिभेला बांध. जया शब्द शोधत असते तोवर तू तो बोलून मोकळा होतोस, असं माझी लेक रुपाली तुमच्याकडून आल्यावर सांगत होती. लहानपणीही दुसऱ्याचा पतंग तूच उडवायचास.

लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात जयाने माझी मुरड बघून विचारलं होतं, ताई, ही करंजी आहे का चप्पल? महिनाभर मी तिच्याशी बोलले नव्हते. त्या बाईपुढे तू साचा ठेवतोस? लई शहाणा! फुटल्या तर फुटू देत, तेल गेलं तर जाऊ दे. तू पाऱ्या लाट आणि गप बस. हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव. दोघांवर जीव आहेच, तुम्हीही ठेवा.

तुझी,
ताई


भिंगार, नगर
२६ डिसेंबर २०२४

तीर्थरूप ताईस,

सप्रेम सलाम. वि. वि. सोबत फराळाचा डबा.

तेवीस तारखेला जया टेबलाशी बसली. उजवा हात डाव्याने उचलून करंजीवर वजनासारखा ठेवला आणि डाव्या अंगठ्याने कड दुमडू लागली. पहिला घाणा सगळा तेलात उघडला. सारण करपलं, घरभर धूर. माझा हात साच्याकडे गेला, तर तिने सारणाचा चमचा माझ्या मनगटावर हाणला आणि अडखळत सांगितलं, माझ्या करंजीला हात लावायचा नाही. ऑगस्टपासूनचं पहिलं सबंध वाक्य, ताई, आणि तेही दमाचं! मी मुकाट लाटत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या करंज्या तेलात टिकायला लागल्या.

संध्याकाळी कॅरलवाले आले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या छबूबाईंनी करंजी दारावर टांगलेल्या नाताळच्या चांदणीच्या उजेडात धरली आणि विचारलं, जये, मुरड उलटी पडली की गं, ही कुन्या गावची रीत? पाहतो तर खरंच. इतकी वर्षं उजवीकडे कलणारी मुरड आता डावीकडे कलत होती. मोटारीत एक वेढा चुकला तरी मला दिसतो, आणि हे दिसलं नव्हतं. जयाने हसून डावा हात वर केला. ताट पुन्हा भरावं लागलं.

डब्यात तळाशी एक वेडीवाकडी, टोकाला फुटलेली करंजी आहे. मी ती काढून टाकली, जयाने परत ठेवली. पुन्हा काढली, पुन्हा ठेवली, आणि तुझ्या नावाकडे बोट करून म्हणाली, चप्पल. मला वाटलं, तुझी थट्टाच चाललीय. झाकण लावताना नीट पाहिलं.

त्या करंजीची मुरड जुन्या बाजूची आहे, ताई. उजव्या हाताची.

आधी ती खा. आम्हा दोघांवर तुझा हात असाच राहो.

तुझा,
अमृत