मामाने खाली ठेवलेली कॉफी

करक, १४ ऑगस्ट १९८३

प्रिय मिथकालदादास, नौफाचा सलाम वि. वि.

इकडे ठीक. तुझा भाचा सत्ताम लष्करी अकादमीची बुद्धिचाचणी देऊन आला. आकड्यांच्या रांगा, उलट्यासुलट्या आकृत्या, असलं सगळं. वेळेआधीच पेपर झाला म्हणाला. बाप गेल्यापासून पोराला दुसरा ध्यास नाही.

दादा, एकच विनवणी. यंदा नुसते गुण बघणार आहेत. ज्याच्यासाठी कोणी शब्द टाकील त्याचं नाव कापणार, असं परीक्षेच्या वेळी बजावलंय. तुझे पाय शिवशिवत असतील, मी ओळखते तुला. पण कोणाच्या दारी जाऊ नकोस.

तुझ्या मायेची,
नौफा

अम्मान, १४ ऑगस्ट १९८३

चि. नौफास, मिथकालचे आशीर्वाद.

अगं वेडे, पोराने परीक्षा दिली हे मला करकच्या बसवाल्याकडून कळावं? नुसत्या गुणांवर आत गेलेला मी तरी कोणी पाहिला नाही. म्हणून काल थेट लष्करातल्या बड्या पाशांच्या घरी गेलो. कॉफी आली. मी पेला तसाच खाली ठेवला आणि भरल्या बैठकीत सांगितलं, भाच्याचं काम होईस्तोवर घोट घेणार नाही. पाहुण्याचा पेला भरलेला राहिला तर यजमानाची अब्रू काय राहते? पाशांनी माझ्यादेखत अकादमीत फोन लावला. मग प्यालो. कडू कॉफी, पण काय गोड लागली म्हणून सांगू! बोकड तयार ठेव.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा दादा

करक, ५ सप्टेंबर १९८३

प्रिय दादास, सलाम वि. वि.

आपली पत्रं वाटेतच एकमेकांना ओलांडून गेली. तुझं वाचून मी चुलीत घातलं.

निकालात सत्ताम नाही. त्याचे जिर्यिस मास्तर चौकशी करून आले. दारातच हळूच म्हणाले, पोरगा सगळ्यांत पहिला होता, कोणा पाशाचा फोन आला आणि नाव कापलं. सत्ताम तेव्हा घरात नव्हता.

त्याला मी काही सांगितलेलं नाही. बापाच्या जागी त्याला तूच. खरं माहीत नसल्यामुळे त्याला वाटतंय, आपलीच अक्कल कमी पडली. रोज त्याच आकृत्या मांडून बसतो. चूक सापडत नाही, म्हणून आणखी खचतो. काल म्हणाला, मी मठ्ठच आहे. मी पीठ मळत राहिले. दादा, मला आता रडूही येत नाही.

ईदला ये. नाही आलास तर तो कारण विचारील. तो स्वतः तुझ्यापुढे कॉफी धरील. खाली ठेवू नकोस. मुकाट्याने पी.

लोभ तुटू देणार नाही.
नौफा