लोण्यासारखा स्विंग

५ जानेवारी, रविवार
नवे रीजनल मॅनेजर गोल्फ खेळतात. नऊ मार्चला चेंबूरला ऑफिसचा गोल्फ-डे. प्रमोशनची यादी एप्रिलमध्ये. समजणाऱ्याला समजतं.
चोर बाजारातून एक जुनी स्टिक आणली. संकल्प: रोज संध्याकाळी सात ते नऊ, टॉवरच्या गच्चीवर प्रॅक्टिस. स्विंग स्मूथ हवा, आणि शंभर वेळा मारला तरी तस्साच.

७ जानेवारी
चाळीस स्विंग. प्लॅस्टिकच्या बॉलला तीनदा लागला. म्हणजे सदतीस वेळा कमालीचं सातत्य.
सुनेत्राने आपणहून पाण्याची बाटली भरून दिली. वीस वर्षांत प्रथमच बायको माझ्या पाठीशी उभी आहे. एकच खंत: अर्णवची बारावी. रोज दोन तास त्याच्या टेबलाशी बसून मार्गदर्शन करायचो, ते बंद पडलं. पोरगं धीराचं आहे, काही बोललं नाही.

१२ जानेवारी
खालच्या मजल्यावरचा अमित रोज व्हिडिओ काढायला येतो. माझ्याच ऑफिसात आहे, पंधरा वर्षांचा दोस्त. म्हणाला, रघू, लोण्यासारखा स्विंग आहे रे तुझा! व्हिडिओ मागितला तर म्हणाला, नको, स्वतःला बघितलं की रिदम जातो. गेमची जाण आहे त्याला.

२ फेब्रुवारी
शेजारच्या मंजुळाकाकूंची गच्चीवर वाळत घातलेली चादर नेट म्हणून वापरली. स्टिक आरपार. काकू म्हणाल्या, मेल्या, वेड लागलां काय तुका? चादर जुनाट होती, दोष स्विंगचा नाही. सुनेत्राने त्यांना नवी आणून दिली. मला एक शब्द बोलली नाही. साध्वी.

११ फेब्रुवारी
बारावी सुरू. वाटलं, आज खाली थांबून अर्णवला धीर द्यावा. पावणेसातलाच अमित दारात. म्हणाला, आज खाडा केलास तर महिन्याची मेहनत पाण्यात. ओढतच वर नेलं. मैत्री असावी तर अशी.

१ मार्च
कंबर धरलीय. अमितला विचारलं, शंभरातले किती परफेक्ट? म्हणाला, मोजू नकोस, फील कर. फील करतोय. कंबरच फील होतेय.

८ मार्च
अर्णवचा शेवटचा पेपर झाला. उद्या माझा.

९ मार्च, रविवार
पहिला स्विंग: हवा. दुसरा: हवा. तिसरा: मातीचं ढेकूळ, साहेबांच्या पांढऱ्या पँटवर. चौथ्याला स्टिक हातातून सुटली ती थेट तळ्यात.
साहेबांनी विचारलं, कोणाकडे शिकलात? मी अमितकडे पाहिलं. तो बुटाची लेस बांधत होता. पाच मिनिटं बांधत होता.
परतताना टॅक्सीत त्याचा फोनच हिसकावला. एकही व्हिडिओ नाही! दोन महिने हा माणूस माझ्यासमोर फोन धरून क्रिकेट बघत होता. वर म्हणतो, सॉरी रे, वहिनींनीच सांगितलं होतं.

१० मार्च
सुनेत्राने नाकारलंसुद्धा नाही. मेथी निवडत म्हणाली, पोराला दोन महिने शांत घर हवं होतं, म्हणून मीच अमितभावोजींना विनवलं. म्हटलं, मला सरळ सांगायचंस. म्हणाली, दिवाळीत सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही शांततेचं महत्त्व तासभर समजावलंत, तेही अर्णवच्या टेबलाशी बसून.
आठवत नाही.
बायको आणि दोस्त. दोघं मिळून. आजपासून दोघांशी अबोला. अबोला का धरलाय ते दोघांना नीट समजावून सांगितलं.

१२ मार्च
साहेबांनी आज ऑफिसात ओळख दाखवली नाही. पँट तर दुसरी होती.
सात वाजले तरी मुद्दाम घरीच बसून राहिलो. टीव्ही लावला. कोणी विचारलं नाही.
सव्वासातला अर्णव बाहेर आला. म्हणाला, बाबा, रागावलात? म्हटलं, विश्वासघात झालाय माझा. मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. पाऊण तास. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी हळूच म्हणाला, बाबा, सीईटी पुढच्या महिन्यात आहे.

रात्री ८.१०
गच्चीवर आलोय. स्टिक नाही, छत्री आणलीय. ग्रिपला बरी आहे.
बारा स्विंग झाले. नऊपर्यंत थांबेन.