मध्यंतरालाच जिंकलेला अंतिम सामना

ती. सुनीलमामांस, महाडहून अश्विनचा सविनय जयभीम. तुमचे गुडघे कसे आहेत? (खरं कळवा, पेपरवाल्याला सांगताय असं समजू नका.) आम्ही खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात मी सकाळपासून ओटीवरून परसात नि परसातून ओटीवर फेऱ्या मारतोय, आणि हे पत्रही उभ्यानंच, शिलाई मशीनवर कागद ठेवून खरडतोय. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच हसता.

झालं असं, की रविवारी नाते गावी मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना होता, दासगाव विरुद्ध नाते. आमचं खेळाचं पान सहाला बंद होतं, आणि आपल्याकडे मध्यंतराला आलेल्या एकूण एक पाहुण्याला शाल-श्रीफळ दिल्याशिवाय सामना पुढे सरकत नाही. म्हणून आम्ही सगळेच बातमीदार मध्यंतरालाच बातमी पाठवून मोकळे होतो. (सगळेच! सापडलो मी.) दासगाव अकरा गुणांनी पुढे होतं. मी ‘दासगावचा एकतर्फी विजय’ असं ठोकून दिलं, आणि दहाच मिनिटांत त्याच मांडवात माझा ‘निर्भीड व सत्यनिष्ठ पत्रकार’ म्हणून सत्कार झाला. ती शाल पांघरूनच मी मांडवामागे पाहुण्यांच्या पंगतीला बसलो. मटण झकास होतं. बाहेर आरडाओरडा झाला, तो मला दासगावकरांचाच वाटला. तर शेवटच्या मिनिटाला नाते संघाच्या दर्शनानं एका चढाईत तीन गडी बाद केले होते आणि नाते एका गुणानं जिंकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. दासगावची कप्तान अनुष्का, तिच्या आजीनं, सोनाबाईनं, आळीभर पेढे वाटले. पोरगी बिचारी सांगतेय, आजी, आम्ही हरलो गो! तर म्हातारी म्हणते, “तू गप बस. पेपरात छापून आलाय, तो काय खोटा हाय?” मामा, माझ्या बातमीवर लोकांनी असा विश्वास ठेवावा म्हणून मी बारा वर्षं झिजलो, आणि ठेवला तो नेमका हिच्यावर!

संपादक प्रवीणसाहेब म्हणाले, चूक कबूल केली तर लोक उद्यापासून आंब्याच्या भावावरही संशय घेतील. त्यापेक्षा पुन्हा एक मैत्रीचा सामना ठेवा, दासगावला जिंकू द्या, बातमी आपोआप खरी होईल. (मी विचारून पाहिलं. नातेवाल्या पोरी नाही म्हणाल्या.)

पण दर्शनाचं काय? पुढच्या आठवड्यात जिल्हा संघाची निवड आहे, तिथे कात्रणं बघतात, आणि माझ्या बातमीत त्या पोरीबद्दल एकच शब्द आहे, ‘निष्प्रभ’. लाज वाटते हो मामा. शेवटी काल साहेबांना ठणकावलं: माझ्या नावानिशी चुकीची दुरुस्ती छापा, नाहीतर मी चाललो. ते चक्क तयार झाले. म्हणाले, सविस्तर लिहा. ललितामामींना जयभीम.

तुमचा भाचा,
अश्विन

ता. क. मघाशी दर्शनाचा फोन आला. तिचे वडील, चांगूदादा, मुंबईला वॉचमन. लेकीचा खेळ त्यांनी कधी पाहिलाच नाही. म्हणाली, “सर, माझी ती चढाई बघितलीत ना? तेवढी नीट लिवा, बाबा वाचतील.” मी हो म्हणालो. तर मामा, पत्र लिहायचं खरं कारण हे, की तुम्ही जन्मभर कबड्डी खेळलात. एका चढाईत तीन गडी साधारण कसे मारतात, तेवढ्या चार ओळी धाडा. उजव्या कोपऱ्यातून गेली असं लिहिलं तर चालेल का?

ता. क. २ वरचं सगळं बायकोनं वाचलं. शर्मिला चपला घालून दारात उभी राहिली. तेव्हा चार ओळी पाठवू नका. ‘मी बघितलं नाही गो, तूच सांग’ असं दर्शनाला सांगायला नाते गावी निघालोय. शर्मिला बरोबर येतेय. एकटा गेलो तर नाक्यावरनंच परत फिरेन, आणि सांगून आलो म्हणून तुम्हाला कळवीन.