विंगेतला खोकला

३ फेब्रुवारी, सोमवार
ताप गेला. मी बरा झालो. विषय संपला. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे, पण व्हायरल होऊन गेल्यावर खोकला तीन ते आठ आठवडे रेंगाळू शकतो. साधारण माणसांचं सांगत असावेत. मी तीन दिवस धरले आहेत.

प्रयोग एक मार्चला, दुपारी चार. एकोणीस वर्षं नाटकमंडळीचा प्रॉम्प्टर मीच. आमचे नायक पाठांतराच्या वाटेला जात नाहीत. विंगेतून मी जे बोलतो तेच ते रंगमंचावर बोलतात. मी नाही तर नाटक नाही. हे मी बोलून दाखवत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
खोकला जवळजवळ गेलाच. फक्त बोललं की, हसलं की आणि जिना चढताना येतो. दम लागतो असं नव्हे, पण दुसऱ्या मजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी वाचली. अक्षर सुरेख. मुलगी म्हणाली, बाबा, चौदा वर्षं इथे राहतोय, पाटी आजच दिसली का? हल्लीच्या मुलांना सौंदर्यदृष्टी नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
तालमीला हजर. छापखान्यावरची ती खोली म्हणजे नुसती धूळ, कुणालाही खोकला येईल. बाकी कुणाला आला नाही, हा भाग वेगळा. कुजबुजलं की घशात गुदगुल्या होतात, हा शोध लागला. प्रॉम्प्टरने दुसरं करायचं तरी काय?

दिग्दर्शक म्हणाले, आठवडाभर विश्रांती घ्या, कुणीतरी बदली बघू. मला खोकला नाही, असं ठणकावून सांगायला गेलो. ‘मला’पर्यंत पोचलो.

१३ फेब्रुवारी, पहाटे ५
संकल्प: रोज दीर्घश्वसन, गरम पाणी, थंड बंद.

५.०५. पहिल्याच श्वासाला उबळ. बायको उशी घेऊन मुलीच्या खोलीत झोपायला गेली. इथे गारठा जास्त आहे, त्यामुळे असेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार
उपाय सापडला. गालात खोकल्याची गोळी ठेवून प्रॉम्प्टिंग. ‘वकीलसाहेब, रक्ताचं नातं तुटत नाही,’ हे वाक्य दिलं. नायक डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, ‘वकीलछाहेब, लक्ताचं नातं तुतत नाही.’ दिग्दर्शक डोकं धरून बसले. दोष ऐकणाऱ्याचा आहे, असं माझं मत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
तिसरा अंक. मुलगी घर सोडून जाते, नायक दाराकडे बघत उभे, मोठा पॉज. नेमका तिथे मला खोकला आला. तीनदा, कोरडा. नायकांना वाटलं, वाक्य आलं. तेही दाराकडे बघत तीनदा खोकले. फार करुण खोकले. मेकअपवाल्या ताई हसून हसून खाली बसल्या.

नंतर नायकांनी मला बाजूला घेतलं. ‘दादा, हा खोकला संहितेतला की तुमचा?’

इभ्रतीचा प्रश्न होता. संहितेतला, म्हणालो. त्यांनी संहिता मागितली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. घरी घेऊन गेले. दोन पानं वाचून ठेवून देतील.

२६ फेब्रुवारी, बुधवार
संहिता परत आली नाही. मी दुसरी प्रत घेतली. तीन दिवसांची मुदत थोडी वाढवली आहे. ही म्हणाली, अहो, या वेळी राहू द्या, तुमच्यावाचून काही अडत नाही. हिला नाटकातलं काय कळतं.

१ मार्च, शनिवार, संध्याकाळी ८
प्रयोग झाला.

स्टुलावर बसलो, टॉर्च लावला, पहिलं वाक्य दिलं. नायक तोवर दुसऱ्या वाक्यावर. वाटलं, एखादं आठवलं असेल. पण दुसऱ्या पानावर ते पुढे आणि मी मागे. मग नुसती पानं उलटत राहिलो. तिसऱ्या अंकातल्या पॉजला उबळ आली तेव्हा मफलर तोंडात कोंबला. थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात.

नायकांना विचारलं, पाठ कधी केलंत? ते मेकअप पुसत म्हणाले, ‘दादा, तुमचे हाल बघवेनात. म्हटलं, यंदा तरी या माणसाला बोलायला लावायचं नाही.’

आभार मानले. फार वाईट वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

घरी आल्यावर हिने विचारलं, कसं झालं? म्हणालो, तीन तासांत माझा एक शब्दही लागला नाही.

‘बरं झालं,’ ही म्हणाली, ‘घशाला आराम मिळाला.’